घाटात तापलेली गाडी आणि घेतलेला बयाणा

पत्र, थोडक्यात :

"मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात नोकरीला आहे. माझी 2014 सालची पेट्रोल गाडी विकायला काढली. पिंपळगाव बसवंतच्या एका तरुणानं ती पाहिली, चालवली, पसंत केली. सौदा 2 लाख 35 हजारांना ठरला. मी 15 हजार बयाणा घेतला. बाकीचे रोख देऊन पाडव्याला गाडी न्यायची, असं बोलणं झालं. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, 'गाडीत काही काम नाही ना?' मी लिहिलं, 'एक रुपयाचं काम नाही.' तेव्हा खरंच नव्हतं. मागच्या आठवड्यात कल्याणहून परत येताना कसारा घाटात तापमानाचा काटा एकदम वर गेला, बाजूला थांबावं लागलं. फिटर म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील, गेलंय, 28 हजार लागतील. 'नाहीतर औषध टाकून देतो, दोन महिने काही होणार नाही,' असंही तोच म्हणाला. मेव्हण्यांचं म्हणणं, जुनी गाडी जशी आहे तशीच विकली जाते, आता बोललास तर सौदा मोडेल. मुलीची कॉलेजची फी भरायचीय, पैशांची गरज आहे. पण त्या मुलाला वडिलांना महिन्यातून दोनदा मुंबईला दवाखान्यात न्यायचंय, म्हणून तो गाडी घेतोय. काय करू? आणि विकल्यानंतर काही निघालं तर जबाबदारी कोणाची?"

उत्तर :

सगळ्यात आधी फोन. दुसऱ्या फिटरला दाखवण्याआधी, मेव्हण्यांशी पुन्हा चर्चा करण्याआधी त्या मुलाला फोन करा. नक्की काय बिघडलंय ते कळलं की मग सांगू, असं मनात येईल. तेवढंही थांबू नका. तो पाडव्याच्या हिशेबानं पैसे जमवतोय. कुणाकडून उसने घेत असेल, ठेव मोडायला निघाला असेल, दुसरी एखादी बरी गाडी तुमच्या गाडीसाठी सोडून देत असेल. हे सगळं तो तुमच्या त्या एका मेसेजच्या भरवशावर करतोय. मेसेज लिहिलात तेव्हा तुम्ही खरं बोलत होतात, यात शंका नाही. आज ते खरं राहिलेलं नाही, आणि हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

फोनवर फार प्रस्तावना नको. "गेल्या आठवड्यात कसारा घाटात गाडी गरम झाली. फिटर हेड गॅस्केट म्हणतोय, मी अजून एकदा तपासून घेतोय. तुमचा बयाणा सुरक्षित आहे, नको असेल तर पूर्ण परत देतो. गाडी हवीच असेल तर काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." इतकं बस. फोन झाल्यावर हेच त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, 'एक रुपयाचं काम नाही' त्याच्याच खाली. पुढे कधी प्रश्न आला तर तुम्ही कळवलंत आणि कोणत्या तारखेला कळवलंत, हे त्या एका ठिकाणी दिसेल.

आता गाडीकडे. 28 हजारांचा आकडा मला लगेच मान्य करावासा वाटत नाही. गाडी घाटात तापली म्हणजे हेड गॅस्केटच गेलं असं होत नाही. सपाट रस्त्यावर वेगात असताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो. घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना वारा नसतो, तिथे सगळी मदार रेडिएटरच्या पंख्यावर. पंख्याची मोटर किंवा रिले गेला असेल तर गाडी नाशकात महिनोन् महिने तक्रार करणार नाही आणि कसाऱ्यात उकळेल. थर्मोस्टॅट अडकला असेल, होज पाईपला बारीक चीर असेल, वॉटर पंप गळत असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल, तरी काटा असाच वर जातो. कुलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी भरलेल्या गाड्यांत क्षार साचून रेडिएटर चोंदतो. तुम्ही काय भरत होतात ते पत्रात नाही, पण फिटरला खरं सांगा.

म्हणून दुसरा फिटर गाठा, आणि त्याला पहिल्याचं निदान सांगू नका. फक्त घडलं ते सांगा : कुठे, किती चढ, एसी चालू होता का, किती जण बसले होते, थांबल्यावर टाकीत कुलंट किती उरलं होतं. त्याच्याकडून कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. दाब दिला की गळती कुठे आहे ते दिसतं. इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. कुलंटमध्ये इंजिनाचा जळालेला वायू उतरतोय का, हे रंग बदलणाऱ्या द्रवानं तपासता येतं. ती सोय सगळ्या गॅरेजमध्ये नसते, पण मोठ्या ठिकाणी असते. काही गोष्टी तुम्हालाही बघता येतील. थंड इंजिनात ऑइलचं झाकण उघडून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात कुलंट मिसळतंय. गाडी चालू असताना कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल, तर फिटर बरोबर बोलतोय. (गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र कोणीही सांगितलं तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून तोंडावर येतं.) आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. एकदा तापलेलं इंजिन पुन्हा तापलं तर हेड वाकतं, मग नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही.

'औषधा'बद्दल. ते गळती बुजवणारं द्रावण असतं. चीर बुजवता बुजवता रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरही बुजवतं. गळती काही दिवस थांबते, कूलिंग आणखी कमी होतं. म्हणजे तो मुलगा मे महिन्यात वडिलांना घेऊन मुंबईहून परतताना कसारा चढेल, तेव्हा गाडी तुमच्यावेळी तापली त्याहून लवकर तापू शकते. मागच्या सीटवर आजारी माणूस, घाटात थांबायला धड जागा नाही. हे घडेलच असं मी म्हणत नाही. पण घडू शकतं हे माहीत असताना ते द्रावण ओतणं मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. तुम्हालाही बसवता आलं नाही, नाहीतर वडिलांच्या दवाखान्याची गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नसती. शिवाय इंजिन उघडल्यावर त्या द्रावणाचा गाळ कुठल्याही फिटरला दिसतो, आणि ते कोणी ओतलं हा प्रश्न लगेच येतो.

मेव्हण्यांच्या 'जशी आहे तशी'मध्ये थोडं तथ्य आहे. माल विक्री कायदा, 1930 च्या 16 व्या कलमानुसार, काही अपवाद सोडले तर विकलेल्या वस्तूच्या दर्जाची विक्रेत्यावर आपोआप हमी येत नाही. घेणाऱ्यानं पारखून घ्यावं, अशीच त्यात अपेक्षा आहे. पण त्याच्या आधीचा 1872 चा करार कायदा आहे, आणि त्याच्या 17 व्या कलमाखाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक असतं, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. पुढच्या एका उदाहरणात 'ब' म्हणतो, "तू नाकारलं नाहीस तर घोडा धड आहे असं मी धरून चालतो." 'अ' गप्प राहतो. इथे गप्प राहणं हे बोलण्यासारखंच धरलंय. तुमच्या खरेदीदारानं नेमकं हेच विचारलं होतं, आणि तुम्ही तर गप्पही राहिला नव्हतात, उत्तर दिलं होतं. त्याच कलमात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही सरळ फसवणूक म्हटली आहे. द्रावण ओतून, गाडी थंड करून, सपाट रस्त्यावर फिरवून दाखवणं म्हणजे झाकणंच. अशा सौद्यात फसवला गेलेला माणूस करार रद्द करून पैसे परत मागू शकतो, आणि कागदावर 'जशी आहे तशी' लिहून घेतल्यानं तुमची सुटका होत नाही. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर भारतीय न्याय संहितेचं 318 वं कलम, म्हणजे पूर्वीचं 420, समोर येतं.

बयाण्याचंही इथेच सांगते. त्यानं माघार घेतली तर 15 हजार आपले, असं मेव्हणे म्हणतील. त्यानं बयाणा दिला तो धडधाकट गाडीसाठी. तुमच्या पत्रावरून पूर्ण पैसे आणि चावी यांची देवाणघेवाण पाडव्यालाच व्हायची होती. तोवर गाडी तुमची, आणि तिला काही झालं तर नुकसानही तुमचंच. तो 'नको' म्हणाला तर पैसे त्याच दिवशी, कापाकापी न करता, ज्या खात्यातून किंवा ज्या हातानं आले तिथेच परत करा.

तो 'गाडी हवीच' म्हणाला तर? तपासणीत पंखा, थर्मोस्टॅट, होज असं काही निघालं, तर तुमच्या खर्चानं दुरुस्त करा, बिल त्याला द्या, किंमत तीच ठेवा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

हेड गॅस्केटच निघालं तर मात्र नीट विचार करा. अशा वेळी बहुतेक लोक पटकन किंमत कमी करून मोकळे होतात : 28 हजार वजा, तू तुझं बघ. मला ते पटत नाही, आणि ते दोघांच्याही सोयीचं नाही. हेड उघडेपर्यंत खरा खर्च कुणालाच सांगता येत नाही. हेड वाकलं असेल तर फेसिंग करावं लागतं, म्हणजे ते घासून सपाट करावं लागतं, तडा गेला असेल तर ते बदलावं लागतं, आणि तोपर्यंत ऑइलमध्ये पाणी जाऊन बेअरिंग खराब झाली असतील तर काम आणखी वाढतं. न उघडलेल्या इंजिनावर किंमत ठरवली की दोघांपैकी एकजण नंतर पस्तावतो. पस्तावणारा तो मुलगा असेल तर त्याचा फोन तुम्हालाच येणार.

माझं मत असं : काम गाडी देण्याआधी व्हावं, त्याला पसंत असलेल्या गॅरेजमध्ये व्हावं, आणि हेड उघडतील त्या दिवशी त्यानं किंवा त्याच्या माहितीतल्या फिटरनं तिथे हजर असावं. खर्च तुमचा. आधी ठरवून ठेवा की आकडा अमुक रकमेच्या वर गेला तर दोघांनाही सौदा सोडायची मोकळीक. जुने सुटे भाग त्याला दाखवा. काम झाल्यावर त्यालाच गाडी घाटात न्यायला सांगा. कसाऱ्यापर्यंत जायची गरज नाही. पिंपळगावहून वणी, नांदुरी आणि तिथून सप्तशृंगी गडाचा घाट त्याला जवळ पडतो. चार माणसं बसवून, एसी लावून तो चढ काढला आणि काटा मधेच राहिला, तर गाडीबद्दलची त्याची शंका तिथेच फिटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कुलंटची पातळी पुन्हा बघा.

तो म्हणाला की, "मला किंमतच कमी करून द्या, माझा चुलता फिटर आहे," तर तसंही करा. तो समजून उमजून घेतोय, मग प्रश्न नाही. फक्त ते लिहून घ्या. साध्या कागदावर चालेल : गाडीचा नंबर, किलोमीटर किती झालेत ते, 'कसारा घाटात इंजिन तापले, अमुक गॅरेजने हेड गॅस्केटचे काम सांगितले, हे खरेदीदाराला सांगितले आहे, त्यापोटी किंमत इतकी कमी केली आहे', मिळालेली रक्कम, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. वेळ आठवणीनं लिहा. त्या क्षणानंतरचं चलान किंवा अपघात कोणाच्या हातून झाला, ते वेळेवरून कळतं.

आणि पाडव्याच्या मुहूर्तासाठी कामाची घाई करू नका. घाईत बसवलेलं गॅस्केट पुन्हा उघडावं लागतं. त्याला शुभ दिवसच हवा असेल तर महिन्याभरात अक्षय्य तृतीया येते.

रोख पैशांचं तुम्ही सहज लिहून गेलात, तिथे थांबा. बयाणा वजा जाता 2 लाख 20 हजार उरतात. प्राप्तिकराच्या नियमानुसार एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि घेतली तर दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. पैसे बँकेतून घ्या. खात्यात जमा झालेले दिसल्यावरच चावी द्या. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारलेलं नाही, पण जबाबदारीचा मोठा भाग तिथेच आहे. फॉर्म 29 आणि 30 भरून मालकी बदल करायचा. पिंपळगाव निफाड तालुक्यात, म्हणजे गाडी एम.एच. 15 चीच असेल तर पेठ रोडच्या आरटीओचंच काम, दुसऱ्या कार्यालयाच्या एनओसीची भानगड नाही. विकल्यापासून 14 दिवसांत आरटीओला कळवणं हे तुमचं काम आहे, घेणाऱ्याला 30 दिवस असतात. 'तो करून घेईल' म्हणून सही केलेले कोरे फॉर्म देऊन बसू नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी पुढे अनेक हात बदलून गेली होती, तरी नोंद पहिल्या माणसाच्या नावावर राहिलेली होती. तुमच्या खरेदीदाराला सोबत घेऊन जा आणि पावती हातात घ्या.

गाडी 2014 ची, म्हणजे नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर आधी ती बसवा, नाहीतर मालकी बदलाचं काम अडतं. कर्ज फिटलं असलं तरी आर.सी.वरचा बँकेचा बोजा उतरलाय का बघा. नसेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. थकलेली चलानं भरा. विमा त्याच्या नावावर करायला त्याला 14 दिवस असतात, ते त्याला सांगा, कारण उशीर झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट, मात्र गाडीसोबत जात नाही, तो तुमचा आहे. कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा, 3 वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरता येतो. फास्टॅग बंद करा, नाहीतर त्यांच्या मुंबईच्या फेऱ्यांचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

विकल्यानंतर काही निघालं तर, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही झाकलं नव्हतं, विचारलेल्याला खरं उत्तर दिलं होतं, तर बारा वर्षं चाललेल्या गाडीत पुढे क्लच गेला किंवा अल्टरनेटर गेला, त्याचा खर्च त्याचा. हे त्याला आधीच नीट शब्दांत सांगा. भिडेपोटी "महिनाभर काही झालं तर मी आहे" असं बोलू नका; ते वाक्य हमी म्हणून धरलं जाईल, आणि त्याची सीमा कुठे हे कुणालाच सांगता येणार नाही. झालेल्या कामावर गॅरेजनं वॉरंटी दिली असेल तर बिलावर ती मुदत लिहून घ्या आणि बिल गाडीसोबत द्या. तेवढं पुरेसं आहे.

फीचं राहिलं. दुरुस्तीला लागणारे पैसे तुमच्या हिशेबातून जाणार, हे खरंच अवघड आहे, आणि ते मी हलकं करून सांगणार नाही. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन फी दोन-तीन हप्त्यांत भरता येईल का ते विचारा. लेखी अर्ज दिला तर बरीच कॉलेजं ऐकतात. हा अर्ज गाडीचा निकाल लागेपर्यंत लांबवू नका, कारण तो मुलगा नको म्हणाला तर दुसरं गिऱ्हाईक मिळायला वेळ जाईल. आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही कसाऱ्याची गोष्ट सांगावी लागेल, दुरुस्तीच्या बिलासकट.